ज्यांनी ऐकलं त्यांची घरं

काशी मढवीला हळू बोलताना बंदरआळीत कधी कोणी ऐकलं नव्हतं. तळ्याच्या पायरीवर ती कपडे आपटत बसली की आळीच्या दुसऱ्या टोकाला कळायचं, आज काशीकडे पाहुणा कोण आलाय, कालवण कशाचं झालंय आणि नवऱ्याशी कशावरून वाजलंय. माहेर तिचं करावे गावचं. लग्न होऊन ती मिठबंदरात आली तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगितलं होतं, "सून नाय आनली, भोंगा आनलाय."

मिठबंदर म्हणजे नेरुळच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी असलेलं जुनं गाव. एके काळी इथून मीठ भरून गलबतं मुंबईला जायची. तेव्हा व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, बाजार होता, आणि त्या बाजाराचा रस्ता म्हणजे बंदरआळी. दोन्ही बाजूंनी उंच ओट्यांची कौलारू घरं, ओट्यावर सागवानी खांब, एका टोकाला दगडी पायऱ्यांचं तळं आणि दुसऱ्या टोकाला मिठाची वखार. व्यापारी केव्हाच निघून गेले. त्यांच्याकडे राबणाऱ्या माणसांनी हळूहळू ती घरं घेतली. काशीचा नवरा हिरामण आणि दीर धर्मराज ज्या घरात जन्मले, ते त्यांच्या आज्याने एका जाणाऱ्या व्यापाऱ्याकडून घेतलेलं. आज्याने आयुष्यभर त्या ओट्यावरून मिठाच्या गोणी उतरवल्या होत्या. मग एक दिवस तो त्याच ओट्यावर मालक म्हणून बसला. ही गोष्ट मढवींच्या घरात देवाच्या गोष्टीसारखी सांगितली जायची.

शेतं आणि मिठागरं गेली ती सत्तर सालानंतर. मुंबईला जोड म्हणून खाडीच्या या काठाला नवं शहर उभारायचं ठरलं, नोटिसा लागल्या, मोजणीवाले आले, खुंट्या ठोकून गेले. मढवींचं भातशेत गेलं आणि मिठागरातला वाटाही गेला. हिरामण तुर्भ्याला एका केमिकल कंपनीत वॉचमन म्हणून लागला. मिळालेले पैसे कुठे गेले ते कोणालाच नीट सांगता आलं नसतं. काशीला जमीन गेल्याचं दुःख होतंच, पण तिचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता.

"जमीन नेली त्ये नेली," ती म्हणायची, "पन एका मानसाने तरी इचारला का, बाय, तुला काय वाटतंय? कोंबडी कापताना पन मानूस तिच्याकडं बगतो."

म्हणून १९७८ साली सुनीती कर्वे नावाची बाई मिठबंदरात आली आणि तिने खरोखरच विचारलं, तेव्हा काशी तिच्यावर भाळली.

सुनीती दादरची. वय पंचविशीच्या आसपास, अंगावर सुती साडी, खांद्याला शबनम. नवं शहर बांधणाऱ्या ऑफिसात ती नगररचनेचं काम करायची. ऑफिसात काही मंडळींच्या मनात आलं होतं की नवे सेक्टर बांधताना मधली जुनी गावं अशीच कुजू देऊ नयेत. त्यातलं मिठबंदर हे सगळ्यात जुनं, म्हणून आधी तेच घ्यायचं ठरलं. तळं, वखार, आळी आहे तशी राखायची, घरं दुरुस्त करून द्यायची, नळ आणि गटारं आणायची. आणि हे सगळं गावाला विचारून करायचं.

गावदेवीच्या देवळात सभा भरली. पुरुष पुढे, बायका मागे खांबांच्या आडोशाला. पुरुष नळाबद्दल बोलले, रस्त्याबद्दल बोलले, नोकऱ्यांबद्दल तर भांडलेच. सुनीतीने सगळं लिहून घेतलं आणि मग मागे बघून विचारलं, "आणि तुम्हाला काय हवंय?"

बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत हसल्या. काशी उठली.

"इथं बोलून कलनार नाय," ती म्हणाली. "थांबा."

ती घरी जाऊन सुपात तांदळाचं पीठ घेऊन आली आणि देवळाच्या अंगणात बसून तिने पिठाने आळी काढायला घेतली. हे तळं, ही वखार, ही घरं. बायका खांबाआडून बाहेर आल्या. "माजा घर त्याच्या बाजूला का काढलास गो?" "पिंपल राहिला!" "म्हावरा सुकत घालतो ती जागा दाखव." बघता बघता सगळ्या खाली बसल्या. होळी कुठे पेटते, पालखी कुठे थांबते, पावसाळ्यात पाणी कोणाच्या चुलीपर्यंत येतं, हे सगळं पिठाने जमिनीवर उतरलं. तळ्यात गाळ भरलाय, तो काढा. वखारीचं छप्पर पडायला आलंय, ते सावरा, तिथे आम्हाला मासळी ठेवायला जागा करा. आणि कुणाचं घर हलवू नका.

सुनीती उकिडवी बसून बघत होती. "एकही घर हलणार नाही," ती म्हणाली. "मी सांगते ना."

काशी त्या दिवशी घरी गेली ती हवेत. हिरामण जेवत असताना तिने त्याला सगळी सभा दोनदा सांगितली.

मग समिती झाली. गावचे काही पुरुष आणि एकटी बाई म्हणजे काशी. ऑफिसची एकच अट होती: योजना मंजूर होईपर्यंत कोणी मजले चढवू नयेत, कौलं काढून स्लॅब टाकू नये, ओटे तोडू नयेत. आळी बदलून गेली तर राखायचं काय? ही अट घरोघरी समजावण्याचं काम समितीवर आलं. पुरुष मंडळी एकदा सांगून मोकळी झाली. काशीने मात्र ते काम अंगावर घेतलं.

ती प्रत्येक ओट्यावर जाऊन बसली. तेव्हा सगळ्यांच्याच डोक्यात स्लॅब होता. नव्या शहराच्या बांधकामावर माणसं येत होती, त्यांना राहायला जागा हवी होती. कळंबोलीला लोखंडाचा बाजार येणार म्हणत होते, म्हणजे ट्रकवाले, हमाल, मुनीम. दोन खोल्या वर चढवल्या की महिन्याच्या महिन्याला भाडं. अशा दिवसांत लोकांना थांबवून ठेवणं सोपं नव्हतं. पण काशी बोलायला लागली की माणूस थकून तरी हो म्हणायचा.

शेवंताबाई मात्र थकून हो म्हणाली नव्हती. ती विधवा म्हातारी तळ्याच्या अगदी काठाला राहायची. काशी नवी नवरी असताना खाडीतली कालवं कशी फोडायची ते तिनेच शिकवलं होतं. तिचं छप्पर एका बाजूने बसलं होतं आणि पुतण्या पंढरी म्हणत होता, "काकी, कौलं काढतो, स्लॅब टाकून देतो, खाली तू रहा, वर मी भाडोत्री ठेवतो."

शेवंताबाईने काशीला विचारलं, "काय करू गो? तू सांगशील तसा."

"थांब मावशी. योजनेत तुजा छप्पर पयला हाय. सुनीतीबाईंनी मना सोता सांगितलाय."

"तू बोलतेस ना? मग झाला."

पंढरी चिडून सारसोळ्याला सासुरवाडीच्या बाजूला निघून गेला. शेवंताबाईने छपरावर ताडपत्री टाकली आणि ती थांबली.

खरी लढाई काशीच्या स्वतःच्या घरात झाली. धर्मराज हिरामणपेक्षा बराच धाकटा. काशी लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जात होता. त्याची पाटी पुसून देण्यापासून तिने त्याचं सगळं केलं होतं. जमीन गेल्यावर त्याने वाळू-विटांचं काम धरलं आणि त्याला दोन पैसे दिसू लागले. एक दिवस तो ओट्यावर येऊन बसला.

"वयनी, घर पाडून बांधू. खाली तुमी-आमी, वर भाडोत्र्यांची चाल. नंदूचा पन लगीन करायचाय का नाय?"

नंदकुमार हा काशीचा एकुलता एक मुलगा.

"पाडाचा नाय," काशी म्हणाली. "अट हाय."

"कोनाची अट? त्या दादरच्या पोरीची? ती उद्या जाईल बदली होऊन. मंग?"

"समितीची हाय. मी गावाला सांगतंय, नि माज्याच घरात स्लॅब? लोकं तोंडात शेन घालतील."

"लोकं!" धर्मराज हसला. "लोकं तुज्यासमोर हो बोलतान, नि माज्याकडं येऊन इटांचा भाव इचारतान."

हिरामण मध्ये पडला नाही. तो कधीच मध्ये पडत नसे. शेवटी धर्मराजने मधोमध भिंत घालून आपला अर्धा भाग वेगळा केला, कौलं उतरवली आणि खांब उभे करायला सुरुवात केली.

तेव्हा काशीने जे केलं ते मिठबंदरात आजवर कोणी आपल्या माणसाविरुद्ध केलं नव्हतं. ती एस.टी.त बसून बेलापूरला ऑफिसात गेली आणि तक्रार देऊन आली. दहा-पंधरा दिवसांत माणसं आली. नुकताच ओतलेला स्लॅब त्यांनी घणाने फोडला. सगळी आळी बघत होती. धर्मराजची बायको रस्त्यात बसून छाती पिटत होती. काशी आपल्या ओट्यावर उभी होती, कारण आत जाणं तिला भ्याडपणाचं वाटलं असतं.

धर्मराज तिच्यासमोर आला. तो ओरडला नाही. "तू मना वाढवलास," तो म्हणाला, "म्हनून हात उचलत नाय. पन आजपासून ही भिंत खालीच नाय, वर आभालापर्यंत हाय."

हिरामणने दोन दिवस जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी जेवायला बसला, पण त्यानंतर तो काशीशी कामापुरतंच बोलू लागला. कंपनीत रात्रपाळी मागून घेतली आणि दिवसा झोपू लागला.

काशीला वाईट वाटलं नाही असं नाही. पण आपण बरोबर आहोत याबद्दल तिला शंका नव्हती. तिने दिराच्या घरावर घण चालवला हे बघून आळीतल्या बाकीच्यांनी विटा मागवणं थांबवलं. सुनीती आली तेव्हा तिने काशीचे दोन्ही हात धरले. "तुमच्यासारखी माणसं असतील तर हे होईल," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेही खोटं नव्हतं.

पण होत काहीच नव्हतं. योजना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची, परत यायची. मुंबईहून कोणी मोठे साहेब येऊन खांबांचे फोटो काढून गेले. कॉलेजची मुलं आली, ओटे मोजून गेली. दर खेपेला काशी चहा करायची आणि दर खेपेला विचारायची, "छपरांचा काय?" दर खेपेला उत्तर यायचं, पावसाळ्यानंतर. शेवंताबाईच्या छपरावरची ताडपत्री फाटली, दुसरी आली, तीही फाटली. म्हातारी चुलीजवळ कोरड्या कोपऱ्यात अंथरूण ओढून घ्यायची. एकदा काशी बघायला गेली तर ती म्हणाली, "तू कनाला एवढी कावतेस गो? सरकारचा काम हाय, येल लागतो." तिच्या या समजूतदारपणाने काशीला आतून खाल्लं.

धर्मराजने मधल्या काळात वकील धरला आणि कोर्टातून स्थगिती आणली. स्थगिती हातात आल्यावर त्याने नुसतं घर नाही, दोन मजले उभे केले. आता ऑफिसची माणसं आली तरी कागद बघून परत जायची. त्याचं बघून आणखी चारपाच जणांनी तोच वकील धरला. जे धीट होते त्यांनी बांधलं. जे काशीचं ऐकणारे होते, त्यांनी नाही.

१९८३ साली सुनीतीची बदली झाली. ती स्वतः सांगायला आली. "नवे साहेब चांगले आहेत," ती म्हणाली. "मी सगळं त्यांना समजावून दिलंय." काशीने तिची ओटी भरली. पुढच्याच वर्षी जमिनींच्या भावावरून आंदोलन पेटलं, आणि त्यानंतर बराच काळ ऑफिसचा माणूस गावांत फिरकला नाही.

त्याच सुमारास नंदकुमारचं लग्न झालं. बायको मीना पनवेलकडची. अर्ध्या घरात एकच मोठी खोली आणि स्वयंपाकघर. नवरा-बायकोला आडोसा म्हणून मधे साडी टांगलेली. काही महिने गेल्यावर नंदकुमार म्हणाला, "आये, वर एक खोली काढू. पत्र्याची काढू, स्लॅब नको."

"योजना येईपर्यंत नाय."

"योजना!" नंदकुमार म्हणाला. "मी शालेत होतो तवापासून ती योजना येतेय. काकाने बांधला, त्याचा काय वाकडा झाला?"

"तुज्या काकाने नियम मोडला."

"नि तू काय जोडलास?"

मीना पदर तोंडाला लावून बाहेर गेली. महिन्याभरात नंदकुमारने बिऱ्हाड हलवलं. लांब नाही, भिंतीपलीकडे, काकाच्या चाळीत वरच्या मजल्यावर. धर्मराजने पुतण्याकडून भाडं घेतलं नाही. काशीला भिंतीपलीकडून, वरून मुलाच्या घरातली पावलं ऐकू यायची, नातू रांगायला लागला तेव्हा त्याचीही. ती वर कधी गेली नाही. तिला कोणी बोलावलंही नाही.

नव्या साहेबांनी सभा बोलावली ती १९८६ साली. पण देवळात नाही. नव्या सेक्टरमधल्या समाजमंदिरात. तिथे खुर्च्या होत्या, पंखे होते. मिठबंदरची माणसं होती, तशीच आजूबाजूच्या सोसायट्यांतली मंडळीही होती, कारण साहेबांच्या मते योजना सगळ्या नागरिकांची होती. भिंतीवर मोठं रंगीत चित्र लावलं होतं. तळं निळंशार, भोवती हिरवळ, बाकं, फिरायला फरसबंदी वाट, नवीन छपराची वखार. बाबागाडी घेऊन चाललेली एक बाईसुद्धा काढली होती. सोसायटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. चित्र खरोखरच सुंदर होतं.

काशी बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग उभी राहिली. आळीत हाक मारायची तो आवाज त्या हॉलमध्ये फार मोठा वाटला.

"साहेब, यात आमची घरं कुटं हायत?"

साहेब शांत माणूस होता. त्याने समजावून सांगितलं. तळं मोकळं करायचं तर भोवतालची जागा लागणार. पक्की बांधकामं कोर्टात आहेत, त्यांना आत्ता हात लावता येत नाही, आणि नुकसानभरपाईही परवडणार नाही. त्यामुळे कौलारू, बैठी घरं तेवढी घ्यायची. त्यांना कळंबोलीच्या बाजूला पर्यायी जागा मिळेल.

काशीला ते समजायला जरा वेळ लागला. मग ती म्हणाली, "म्हंजे ज्यांनी तुमचा आयकला त्यांची घरं जानार, नि ज्यांनी नाय आयकला त्यांची रानार?"

"असं नका बघू, बाई. शेवटी ही तुमचीच मागणी आहे. तळ्यातला गाळ काढा, वखार वाचवा, हे कोणी सांगितलं होतं? तुम्हा बायकांनीच ना? लोकांना विचारूनच केलेली योजना आहे ही."

"आमी बोल्लो होतो, कुनाचा घर हलवू नका."

"सगळंच कसं होणार?"

पुढच्या रांगेतून एक बाई मागे वळल्या. सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, वैजयंतीबाई. त्या खरंच मायेने म्हणाल्या, "अहो, पण तुम्हाला चांगल्या ठिकाणी प्लॉट मिळतोय ना? इथे त्या डासांत आणि घाणीत किती दिवस राहणार?"

काशीने पुन्हा एकदा चित्रातल्या निळ्या तळ्याकडे पाहिलं. ती खाली बसली. मागच्या रांगेतून आळीतलाच कोणीतरी पुरेशा मोठ्याने म्हणाला, "बस आता. लय बोल्लीस आठ वर्सं."

काशी धावली नाही असं नाही. ऑफिसात गेली, पुढाऱ्यांकडे गेली. धर्मराजच्या वकिलाकडेही गेली, तो म्हणाला, "कौलं काढून स्लॅब टाकलेला असता तर स्थगिती आणली असती. आता वाचवायला बांधकाम आहे कुठे?" गावाने मोर्चा काढायचा म्हटलं, पण अर्ध्या गावाला काही जात नव्हतं आणि उरलेल्या अर्ध्याला काशीच्या मागे उभं राहायचं नव्हतं. समितीतल्या एकदोघा पुरुषांनी तर आम्ही त्या समितीत नव्हतोच, असं सांगायला सुरुवात केली.

१९८७ च्या दिवाळीनंतर, भर दुपारी, घरं पाडली. आधी सामान बाहेर काढायला वेळ दिला होता. शेवंताबाईचं सामान ते किती. पण ती ओट्यावरून उठेना. पंढरी सारसोळ्याहून आला होता. काशी पुढे झाली आणि म्हातारीच्या दंडाला धरायला वाकली.

शेवंताबाईने तिचा हात झटकला नाही. नुसता बाजूला काढून ठेवला, एखादी वस्तू उचलून ठेवावी तसा. "पंढरी," ती पुतण्याला म्हणाली, "तू उठव मना."

मग मढवींचा अर्धा ओटा तुटला. मधली भिंत तशीच राहिली, कारण ती धर्मराजच्या चाळीची होती.

धर्मराज खाली आला. इतक्या वर्षांनी तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला, आणि सगळ्यांसमोर बोलला. "वयनी, वरची एक खोली रिकामी हाय. दादाला घेऊन ये. भाडा-बिडा काय नाय." त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. नंदकुमारही मागे उभा होता, नातवाला कडेवर घेऊन. हिरामणने काशीकडे बघितलं. त्याला जायचं होतं, हे तिला स्पष्ट दिसलं.

"ही लोकं माज्या शब्दावर थांबली," काशी म्हणाली. "ती जानार तिकडं मी जानार. तुमाला रायचा तर रहा."

हिरामण शेवटी तिच्याबरोबर गेला. प्रेमाने गेला की नुसत्या सवयीने, ते त्याने कोणाला सांगितलं नाही.

कळंबोलीच्या त्या जागेला खाडी नव्हती. ट्रकचे तळ, लोखंडाचा आवाज, डिझेलचा वास आणि मधोमध आखलेले छोटे चौकोन. मासळीवर जगणाऱ्या बायका तिथे काय करणार? काही धुणीभांडी करायला पनवेलला जाऊ लागल्या. काशीने सुके बोंबील आणि जवळा आणून ट्रकवाल्यांना विकायला सुरुवात केली. तिला वाटलं होतं, सगळ्यांबरोबर हाल काढले की मनं निवळतील. तसं झालं नाही. ती नळावर आली की बायका गप्प व्हायच्या. भांडायच्याही नाहीत. एकदा तिने स्वतःहून म्हटलं, "मना शिव्या तरी घाला." एक जण म्हणाली, "शिव्या घालून कौलं परत येतान का?" आणि हंडा उचलून निघून गेली.

पंढरी बिऱ्हाड घेऊन म्हातारीच्या जागेवर राहायला आला होता, पण शेवंताबाई दुसऱ्या पावसाळ्यात गेली. दमा होता, त्यात लोखंडाची धूळ. काशीला कळलं तेव्हा बायका म्हातारीला आंघोळ घालत होत्या. ती दाराशी गेली. पंढरी आडवा आला.

"काकी, तुमी नको."

"तिने मना पोरीसारखी वागवली रे."

"म्हनूनच नको," पंढरी म्हणाला. "तिने तुमचा नाव घेनं सोडलेला. आता तिला हात लावू नका."

काशी समोरच्या ट्रकच्या सावलीत उभी राहिली आणि तिरडी निघेपर्यंत उभी होती. मागून चालत गेली, पण बरंच अंतर ठेवून.

सुनीती एकदा तिथे येऊन गेली. तिने नोकरी सोडली होती, पुण्याला कुठल्याशा कॉलेजात शिकवत होती. तिला सगळं कळलं होतं. पत्र्याच्या दारात उभी राहून ती रडायला लागली. "काशीबाई, मी तेव्हा मनापासून सांगितलं होतं."

"ठाव हाय," काशी म्हणाली. तिने पाट दिला, चहा ठेवला. "तुमी खोटारड्या असतात तर बरा झाला असता. खोटा मानूस आमी वलखतो. जमीन नेली तवा कोनी इचारला नाय, म्हनून आमी रागात होतो, एक होतो. तुमी इचारलात, नि आमी गप बसून वाट बगत रायलो."

सुनीतीने चहा घेतला. तिला माफी हवी होती, पण काशीने ती दिली नाही, आणि दोषही दिला नाही. बस सुटायची वेळ झाली तेव्हा तिला रस्त्यापर्यंत सोडायला काशी गेली नाही. सोसायट्यांमधली मुलं आता तळ्यावर सायकल शिकतात आणि वखारीत रविवारी चित्रकलेचा वर्ग भरतो, असं सुनीतीने जाता जाता सांगितलं. काशीने कपबशी विसळायला घेतली होती.

१९९० च्या उन्हाळ्यात पंढरीच्या मुलीचं लग्न ठरलं. वस्तीत घरोघरी आमंत्रणं झाली. मढवींच्या दाराशी पंढरी आला आणि बाहेरूनच म्हणाला, "हिरामणकाका, तुमी येवा लग्नाला." आत चुलीपाशी बसलेली काशी त्याला दिसत होती. तो तिच्याकडे न बघता पुढच्या घराकडे वळला.

लग्नाच्या सकाळी काशीने हिरामणचा पांढरा सदरा तांब्यात निखारे घालून कडक इस्त्री केला, टोपी झटकून दिली. हिरामण दारात घुटमळला.

"तू बोलत असशील तर मी पन नाय जात," तो म्हणाला.

"जा," काशी म्हणाली, हळू आवाजात. "आपल्या घरातून कोन तरी गेला पायजे."

तो गेल्यावर तिने बोंबलाची पाटी डोक्यावर घेतली आणि ती ट्रकच्या तळाकडे निघाली.